मालमत्ता कराचं बिल आणि आपल्या मुलांची शाळा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांशी घराविषयी बोलणं निघालं की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. घर केवढं, हप्ता किती, हे नंतर येतं. आधी सांगितलं जातं, "इथलं स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं आहे." मुंबई-पुण्याहून न्यू जर्सीला गेलेली कुटुंबंसुद्धा शाळा बघून घर घेतात आणि त्यासाठी ऐपतीबाहेरचं कर्ज काढतात. ऐकणाऱ्याला वाटतं, शिक्षणाची केवढी ही कळकळ! पण शाळा सरकारी, शिक्षण मोफत, तर मग एका गावातली सरकारी शाळा उत्तम आणि रस्त्यापलीकडच्या गावातली सुमार, असं का व्हावं?

याचं उत्तर तिथल्या पैशाच्या व्यवस्थेत आहे. अमेरिकेत सरकारी शाळांच्या खर्चातला केंद्र सरकारचा वाटा साधारण दहावा हिस्सा असतो. बाकीचा भार राज्य आणि स्थानिक पातळीवर पडतो आणि स्थानिक पैशाचा मोठा भाग येतो घर-जमिनीवरच्या करातून. देशभरात तेरा हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेकांची हद्द वेगळी, कर वेगळा, तिजोरी वेगळी. जिथे बंगले महाग, तिथे शाळेकडे पैसा. जिथे कामगारांची पडकी घरं, तिथे शाळाही तशीच. गरिबांच्या वस्तीला राज्य आणि केंद्र थोडा जास्त हात देतात, पण दरी बुजत नाही.

ही दरी केवढी असते ते एका खटल्यातून जगासमोर आलं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात एजवूड नावाचा डिस्ट्रिक्ट आहे. वस्ती मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. १९६८ साली तिथल्या हायस्कूलची मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. शाळेच्या खिडक्या फुटलेल्या होत्या आणि बरेच शिक्षक पुरेशा पात्रतेचे नव्हते. पालकांनी कोर्टात धाव घेतली. अर्जात पहिलं नाव होतं डेमेट्रिओ रॉड्रिग्ज या पत्र्याचं काम करणाऱ्या कामगाराचं. त्याच शहरात अलामो हाइट्स हा श्रीमंतांचा डिस्ट्रिक्ट होता. १९६७-६८ सालचे आकडे कोर्टापुढे आले. एजवूडमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता होती ५,९६० डॉलरची, अलामो हाइट्समध्ये ४९ हजारांहून जास्त. गंमत अशी की एजवूडचे लोक कराचा दर जास्त लावून घेत होते. शंभर डॉलरच्या मालमत्तेवर ते १.०५ डॉलर भरत, तर अलामो हाइट्सवाले ०.८५. तरी एजवूडच्या पदरात स्थानिक करातून दर मुलामागे पडत होते २६ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या पदरात ३३३. राज्य आणि केंद्राची मदत धरूनही हिशेब ३५६ विरुद्ध ५९४ असाच राहिला. जास्त ओझं उचलूनही गरिबाच्या मुलाच्या वाट्याला कमीच आलं.

१९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला. शिक्षण हा तिथल्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. पुढे लढाई टेक्सासच्या राज्य न्यायालयात गेली आणि १९८९ मध्ये एजवूड जिंकलं. १९६८ साली मोर्चात असलेली मुलं तोवर स्वतः पालक झाली होती.

या परदेशी खटल्यामुळे आपल्याकडच्या दोन गोष्टी नव्याने दिसतात. पहिली म्हणजे, एजवूडच्या लोकांना जे मिळालं नाही ते आपल्याकडे लिहून दिलेलं आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ क आलं आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. दुसरी गोष्ट आपण सहसा लक्षातच घेत नाही. ती म्हणजे मुंबईची तिजोरी एक आहे.

मुंबई महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल हातात घेऊन नीट वाचा. त्यात सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, मलनिस्सारण यांच्या ओळींबरोबर महापालिका शिक्षण उपकर आणि राज्य शिक्षण उपकर अशा दोन ओळी असतात. कफ परेडच्या टॉवरने भरलेला महापालिका शिक्षण उपकर कफ परेडच्याच शाळेला मिळतो असं नाही. तो सगळ्या शहराच्या पैशात जातो. त्यातूनच जोगेश्वरीच्या मजासवाडीत, गोवंडीत, मालवणीत शाळा चालते. अमेरिकेचा नियम इथे लागू असता तर बेहराम बाग आणि प्रेम नगरच्या शाळांना कधीच कुलूप लागलं असतं, कारण २०२२ पासून मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. आपल्या वस्त्यांमध्ये पाचशे फुटांहून मोठी घरं किती, हे सांगायला नको.

इथे लगेच कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही लोक कर भरत नाही आणि फुकटची शाळा मागता. हे बोलणं आपण इतकं ऐकलंय की आपल्यातल्या अनेकांना ते खरंच वाटायला लागलंय. ते खरं नाही. १ जुलै २०१७ पर्यंत महापालिकेचं मोठं उत्पन्न जकातीचं होतं. (ही नाक्यावरची जकात, आपली नव्हे.) शहरात येणाऱ्या मालावर जकात लागायची आणि ती शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशातून जायची. जीएसटी आल्यावर जकात बंद झाली आणि तिची भरपाई राज्य सरकार महापालिकेला देऊ लागलं. आजही महापालिकेच्या सर्वात मोठ्या उत्पन्नांपैकी ते एक आहे. साबण, चप्पल, मोबाइलचं रिचार्ज असं काहीही घेताना झोपडीतला माणूस जीएसटी भरतो. शाळेच्या खर्चात त्याचाही घामाचा वाटा आहे. हा मुद्दा नवा नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं होतं. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या कामी येतो, असं सांगून त्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं होतं.

पैसा आहे, मग मुलं कुठे आहेत?

महापालिकेचा २०२५-२६ चा शिक्षणाचा अर्थसंकल्प ३,९५५ कोटी रुपयांचा होता. महापालिकेच्या शाळांतली मुलं तीन लाखांच्या आसपास धरली तर डोईमागे वर्षाला लाखाहून जास्त रुपये होतात. यात निवृत्तांची पेन्शन आहे, खासगी अनुदानित शाळांना दिलेलं अनुदान आहे, इमारतींची दुरुस्ती आहे. त्यामुळे सगळा पैसा वर्गात पोहोचतो असं कुणी समजू नये. तरी हा आकडा मनात ठेवा आणि मग गल्लीतल्या इंग्लिश मीडियम शाळेकडे बघा. खाली किराणा, वर दोन खोल्यांत वर्ग, मैदान नाही, शिक्षिका बारावी झालेली आणि पगार इतका तुटपुंजा की तिलाही सांगायला लाज वाटावी. तिथे रिक्षावाला बाप महिन्याची फी भरतो, वह्या-पुस्तकांचे, गणवेशाचे पैसे वेगळे देतो आणि संध्याकाळची ट्यूशनही लावतो.

महापालिका दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करते. त्यातल्या बहुसंख्य इंग्रजी माध्यमाच्या असतात आणि अशा शाळा मानखुर्द-गोवंडी, मालवणी यांसारख्या गरीब वस्त्यांत जास्त सापडतात. म्हणजे ज्यांच्यासाठी शहर पैसा बाजूला काढतं, तेच लोक त्या पैशाकडे पाठ फिरवून पदरमोड करतात.

आई-बापांना मूर्ख ठरवायला मी तयार नाही. त्यांनी काही बघितलं म्हणूनच ते निघाले. म्युनिसिपालटीच्या शाळेत शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतात. असलेल्या शिक्षकांवर निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं येऊन पडतात. बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात. मग मुलीला हायस्कूलसाठी रेल्वे फाटकापलीकडे किंवा हायवे ओलांडून पाठवायचं की घरी बसवायचं, असा प्रश्न घरात उभा राहतो आणि त्याचं उत्तर अनेकदा मुलीच्या विरोधात जातं. इंग्रजीचा प्रश्न तर आहेच. महापालिका आठ माध्यमांतून शिकवते. मुलाने कॉल सेंटर किंवा बँकेत नोकरी करावी असं वाटणारा बाप उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या वर्गासमोर थबकतो. मातृभाषेतलं शिक्षण चांगलं, हे सांगणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात, हेही तो बघत असतो.

पण निघून जाण्याचा परिणाम काय होतो? ज्या पालकांना बोलता येतं, ज्यांची थोडीफार ओळख आहे, जे वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारू शकतात, तेच आधी निघतात. मागे राहतात नाका कामगार, घरकाम करणाऱ्या बाया आणि नुकतेच शहरात आलेले लोक. त्यांना विचारायला वेळ नसतो, धीर नसतो. मग शाळेत शिक्षक आला की नाही, नळाला पाणी आहे की नाही, हे विचारणारा कुणी उरत नाही. शाळा आणखी खालावते आणि आणखी काहीजण निघतात. एजवूडला पैसाच मिळाला नव्हता. आपल्याकडे पैसा ठेवलेला आहे, त्याचा हिशेब मागणारे मात्र निघून गेलेत.

पूनम नगरने काय दाखवलं

महापालिकेने पहिली सीबीएसई शाळा सुरू केली ती आपल्या जोगेश्वरी पूर्वेला, पूनम नगरमध्ये. साल २०२०-२१. पुढच्या वर्षी शहरात आणखी दहा ठिकाणी तशा शाळा निघाल्या. "मुंबई पब्लिक स्कूल" असं नाव मिळालं आणि प्रवेशासाठी अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. ज्या महापालिकेच्या शाळेला लोक नाक मुरडत होते, तिच्याच दारात रांग लागली. मालक तोच आणि तिजोरीही तीच. बोर्ड इंग्रजी, इमारत नीट आणि पालकांना भरवसा. लोकांना खासगी शाळेचा मोह नव्हता, त्यांना बरी शाळा हवी होती, हे त्या रांगेने सिद्ध केलं.

माझा आक्षेप सोडतीला आहे. एकाच तिजोरीतून चालणाऱ्या दोन शाळा. एकीत शिरायला चिठ्ठी निघावी लागते आणि दुसरीत बाकं रिकामी होत चालली आहेत. खासगी शाळांतल्या २५ टक्के आरटीई जागांचंही तेच, तिथेही सोडत. अमेरिकेत मुलाचं भवितव्य घराच्या पत्त्यावर ठरतं, आपल्याकडे चिठ्ठीवर. मूलभूत हक्क असा सोडतीने वाटायचा नसतो. चिठ्ठी न निघालेल्या मुलाच्या शाळेत पूनम नगरएवढे शिक्षक आणि तेवढीच सोय का नाही, हा प्रश्न महापालिकेला विचारायलाच हवा.

२५ टक्क्यांच्या जागाही किती तकलादू आहेत ते २०२४ मध्ये दिसलं. फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेने या जागा देण्याची गरज नाही, असं ठरवलं. मुंबईत एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही असा भाग शोधूनच काढावा लागेल. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, कारण काही पालक आणि संघटना कोर्टात गेल्या होत्या.

सोडतीतून एक चांगली गोष्टही होऊ शकते. १९९२-९३ च्या दंगलीत जोगेश्वरीने जे सोसलं, त्यानंतर इथल्या वस्त्या धर्माप्रमाणे आणखी वेगळ्या झाल्या. लोक आपापल्या माणसांत राहायला गेले. भीती खरी होती, दोष कुणाला द्यावा? पण वस्ती एका धर्माची झाली की जवळची शाळाही तशीच होते. त्यात माध्यम वेगळं, की मग दोन गल्ल्यांतली मुलं दहा वर्षं एकमेकांना वर्गात भेटतच नाहीत. अमेरिकेत काळे आणि गोरे असेच हद्दींनी वेगळे राहतात आणि शाळाही वेगळ्या होतात. पूनम नगरसारख्या शाळेत मेघवाडीचा मुलगा आणि प्रेम नगरची मुलगी एका बाकावर बसू शकतात. हे कुठल्याही सद्भावना मेळाव्यापेक्षा मोठं काम आहे.

आपल्या घरातले प्रश्न

सरकारला विचारायचं तर आपल्या संस्थांनाही विचारलं पाहिजे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. म्हणजे २५ टक्के गरीब मुलांना मोफत प्रवेश देण्याचं बंधन आपल्या शाळांवर नाही. घटनेच्या कलम ३० ने दिलेला हक्क मोलाचा आहे आणि तो राखलाच पाहिजे. पण कौमच्या नावाने जमीन, देणगी, मान्यता घेतलेली इंग्रजी शाळा त्याच कौमच्या हमालाच्या मुलाला फीअभावी परत पाठवत असेल, तर हा हक्क कुणाच्या कामी आला? कायद्याने बंधन नसलं तरी चौथाई जागा स्वतःहून देता येतात. आपल्या भागातल्या विश्वस्तांना हे विचारायला कुणाची बंदी नाही.

रमजानमध्ये आपण जकात काढतो. तिच्यातून मदरसे चालतात, गरीब मुलांच्या फीही भरल्या जातात. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती ठेवली, पहिली ते आठवीची बंद केली. त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही थांबवली. त्यानंतर जकातीवरचा भार वाढला. ही मदत थांबवा असं मी म्हणणार नाही. पण हिशेब तर मांडूया. एकच माणूस शाळेसाठी तीनदा पैसे देतो, आधी करातून, मग फीतून, शेवटी जकातीतून. यातले फी आणि जकातीचे पैसे गेले की संपले. कराचा पैसा मात्र दरवर्षी येणार आहे, आपण मागितला तरी आणि नाही मागितला तरी.

जोगेश्वरीच्या टेकडीवरचं इस्माइल युसूफ कॉलेज १९३० साली सुरू झालं. त्यासाठी सर मोहम्मद युसूफ यांनी आठ लाख रुपये दिले होते. मुसलमानांच्या तालीमची चिंता त्यामागे होती. पण त्यांनी पैसा सरकारकडे दिला आणि सरकारी कॉलेज उभं राहिलं. आज तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं शिकतात. सार्वजनिक संस्था आपली असते आणि आपण ती उभी करू शकतो, असं मानणारी माणसं आपल्यात होती.

मागायचं कसं?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सरकारी, महापालिका आणि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगतं. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. कलम २२ प्रमाणे या समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करायचा असतो आणि तोच अनुदानाचा आधार धरायचा असतो. म्हणजे शाळेला काय हवं हे लिहून देण्याचा अधिकार कायद्याने तिथल्या पालकांना दिलाय. एजवूडच्या लोकांनी यासाठी एकवीस वर्षं कोर्ट झिजवलं. आपल्याकडे समिती बहुधा कागदावर असते, सह्या शाळेत बोलावून घेतल्या जातात आणि आराखडा मागच्या वर्षीचा उतरवला जातो.

महापालिकेत मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर २०२३, २०२४ आणि २०२५ असे सलग तीन वर्षं अर्थसंकल्प प्रशासनाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. शिक्षण समितीत बसून शाळेच्या पैशावर भांडणारा लोकांचा माणूसच नव्हता. आपण त्याविरुद्ध किती बोललो? मोहल्ल्यातल्या सभांमध्ये नळ, गटार, कब्रस्तान, झोपु योजना यांवर तासन् तास चर्चा होते. शाळेचा विषय निघत नाही.

तो काढावा लागेल. आपल्या मशिदींच्या कमिट्या, जमाती, तरुणांची मंडळं यांनी आपल्या भागातल्या महापालिकेच्या शाळांपैकी एकेक तरी धरावी. पटावर किती मुलं आहेत आणि शिक्षकांच्या जागा किती भरल्या आहेत ते बघावं. कायद्याप्रमाणे प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, तो आहे का? आठवीनंतर मुली कुठे जातात? त्या शाळेत नववी-दहावीचे वर्ग काढायला जागा आहे का? उर्दू आणि मराठी माध्यमाच्या वर्गांना इंग्रजी शिकवणारा चांगला शिक्षक मिळतो का? उत्तरं मिळाली नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, त्याचं शुल्क दहा रुपये आहे. ज्यांची मुलं खासगी शाळेत आहेत त्यांनीही यात यावं, कारण पैसा त्यांचाही आहे.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा या समित्यांच्या बैठकांची नोटीस निघेल. ती बहुधा दाराआडच्या फळ्यावर लागते. यंदा ती शोधा, बैठकीला जा आणि आराखडा मोठ्याने वाचायला सांगा. सोबत शेजारणीलाही घेऊन जा. निम्म्या जागा तिच्याच आहेत.